उर्दू शाळेतली मराठीची बाई

मी चोवीस वर्षे चंद्रपूरच्या एका उर्दू माध्यमाच्या हायस्कूलमध्ये मराठी शिकवले. जून १९९८ मध्ये रुजू झाले आणि २०२२ मध्ये निवृत्त झाले. आपल्या समाजातल्या बायका अजूनही मला विचारतात, "बाई, तुम्ही तिकडे कशा काय गेल्या?" त्यातला 'तिकडे' हा शब्द त्या जरा हळू उच्चारतात. त्या 'तिकडे'ची गोष्ट आज सांगायची आहे. तिच्यात माझी एक चूक आहे. तीही लपवणार नाही.

माझे वडील बल्लारपूरच्या पेपर मिलमध्ये कामगार होते. आमच्या घराण्यात बी. ए., बी. एड. झालेली मी पहिली. पदवी हातात घेऊन मी दोन शिक्षणसंस्थांत मुलाखतीला गेले. दोन्हीकडे माझ्या गुणांआधी डोनेशनचा आकडा निघाला. वडिलांच्या फंडाची सगळी रक्कम दिली असती तरी तो आकडा पुरा झाला नसता. तेवढ्यात कळले, की एका उर्दू हायस्कूलला मराठी शिकवणारे माणूस पाहिजे आहे. गेले. मुख्याध्यापकांनी फळ्यासमोर उभे करून एक धडा शिकवायला लावला, व्याकरणाचे चार प्रश्न विचारले आणि नेमणूकपत्र दिले. चहाखेरीज दुसरा विषय निघाला नाही.

वस्तीत कुजबुज सुरू झाली. डिसेंबर १९९२ ला जेमतेम साडेपाच वर्षे झाली होती. कोणी म्हणे, तिथे आपली बाई टिकणार नाही. कोणी म्हणे, डोक्यावर पदर घ्यायला लावतील. मी वरवर हसत होते, पण मनात धाकधूक होतीच.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. चंद्रपूरचा जून तुम्हाला माहीत आहे. पाऊस लांबला की मे महिनाच पुढे चालू राहतो. चौथ्या तासाला माझा घसा कोरडा पडला आणि बोलता बोलता ठसका लागला. पहिल्या बाकावरची आठवीची एक मुलगी धावत व्हरांड्यात गेली, माठातले पाणी ग्लासात घेऊन आली आणि माझ्यासमोर धरले. मी म्हणाले, "नको, तहान नाही."

ठसका लागलेला, डोळ्यांत पाणी आलेले आणि तोंडाने म्हणते, तहान नाही! मुलगी क्षणभर उभी राहिली. मग ग्लास टेबलावर ठेवून जागेवर जाऊन बसली. ते पाणी तास संपेपर्यंत तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी तीच मुलगी शाळा भरण्याआधी माझ्याकडे आली. दप्तरातून वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक स्टीलचा ग्लास काढला आणि म्हणाली, "मॅडम, ये ग्लास नया है. घर से लाई हूँ. इसमें किसी ने नहीं पिया."

तेरा वर्षांची पोर ती. तिला बरोबर कळले होते, की मॅडमची तहान कुठे अडली आहे.

मी त्या ग्लासाने पाणी प्याले, पण ते गळ्याखाली नीट उतरले नाही. संध्याकाळी घरी येऊन आईला सांगितले. आई चौथीही शिकलेली नव्हती. ती भाकर थापता थापता थांबली आणि म्हणाली, "तुले खरंच तहान नोहती, का ते पोरगी मुसलमानाची होती म्हणून नोहती? तुया आज्याले लोकं वरून पानी ओतत. तो ओंजळीनं पेत होता. तू तं शिकलेली हायेस व!"

२० मार्च १९२७ ला महाडच्या तळ्यावर बाबासाहेबांनी पाणी ओंजळीत घेतले, ही गोष्ट मी दरवर्षी वस्तीतल्या मुलांना सांगत होते. त्या सत्याग्रहावर माझे भाषण पाठ होते. आणि एका लेकराने पुढे केलेला पेला मी नाकारला होता. पंचशील म्हणणाऱ्या तोंडाने नाकारला होता. त्या दिवसापासून मी माठातले पाणी त्यांच्याच ग्लासाने प्यायला लागले. तो नवा ग्लास मी तिला परत दिला आणि म्हटले, "हा घरी घेऊन जा. मला सगळ्यांचा ग्लास चालतो." ती काही बोलली नाही, फक्त हसली.

त्यानंतर खरी शाळा दिसायला लागली.

सकाळी परिपाठ होई. राष्ट्रगीत, उर्दूतून प्रतिज्ञा आणि इक्बालांनी लहान मुलांसाठी लिहिलेली प्रार्थना. पुढे संविधानाची प्रास्ताविकाही आली. आपण ज्याला 'लोक' म्हणतो, त्याला तिथे 'अवाम' हा शब्द आहे. दोनशे लेकरे एका सुरात 'अवाम' म्हणत, तेव्हा अंगावर शहारा येई. शुक्रवारी शाळा लवकर सुटे. रमजानमध्ये वेळ सकाळची होई. रोजा धरलेली मोठी मुले तिसऱ्या तासाला पेंगत, म्हणून मी तेव्हा व्याकरण न घेता गोष्टी सांगत असे.

पोरे कोणाची? ट्रक ड्रायव्हरची, आरामशीनवरच्या मजुराची, गॅरेजवाल्याची, फळांची गाडी लावणाऱ्याची, गाद्या भरणाऱ्याची. कोणाचा बाप कोळशाच्या खाणीत, तर कोणाची आई घरोघरी बांगड्या भरायला जाणारी. सातवी-आठवीतली मुले सुटी झाली की पंक्चरच्या दुकानात बसत. काळ्या ग्रीसचे ठसे वहीवर उमटत. माझ्या लहानपणी आमच्या वस्तीतल्या मुलांच्या वह्यांवर बिडीच्या तंबाखूचा वास असे. फरक तेवढाच.

मराठी त्यांना जड जाई. 'ळ' हे अक्षर उर्दूत नाही. 'शाळा' म्हणायला सांगितले की अर्धा वर्ग 'शाला' म्हणे. 'किताब' स्त्रीलिंगी, म्हणून 'माझी पुस्तक हरवली' असे लिहीत. आधी मी लाल शाईने वह्या रंगवल्या. मग एक युक्ती सुचली. फळ्यावर शब्द लिहिले: कागद, दप्तर, दौत, शाई, खुर्ची, हजेरी, अर्ज, मैदान. विचारले, "हे शब्द कोणाचे?" वर्ग ओरडला, "हमारे!" मी म्हटले, "आमचेही. हे सगळे मराठी शब्द आहेत." मुले एकमेकांकडे पाहायला लागली. फारसी-अरबीतून आलेले हे शब्द तीनशे-चारशे वर्षे मराठीच्या घरात नांदत आहेत. त्या दिवसापासून मराठीचा तास परक्याचा राहिला नाही. मुले घरून असे शब्द शोधून आणत आणि वहीच्या मागच्या पानावर उतरवत. मीही त्यांच्याकडून अलिफ, बे शिकायला लागले. माझ्या चुका तपासताना त्यांना कोण आनंद होई!

गॅदरिंगच्या आठवड्यात बैतबाजी असे. आपल्या भेंड्यांसारखाच प्रकार, पण गाण्यांऐवजी शेर. एका गटाने म्हटलेला शेर ज्या अक्षरावर संपेल, त्या अक्षराने दुसऱ्या गटाने सुरू करायचे. ज्या मुलाला गणितात नऊ गुण मिळत, त्याला शंभर शेर पाठ असत. वक्तृत्व स्पर्धेला ते तकरीर म्हणत. खो-खोच्या वेळी मुली ओढणी छातीवरून आडवी बांधून कमरेला गाठ मारत आणि अशा धावत, की बघत राहावे. सहल निघाली की वरोऱ्याचे आनंदवन, चंद्रपूरचा गोंड राजांचा किल्ला आणि एक वर्षी माझ्या आग्रहावरून दीक्षाभूमी. १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथे लोकांना धम्मदीक्षा दिली, हे सांगितल्यावर एका मुलाने विचारले, "आपा, आपके घर से कौन आया था?" तोवर मी मॅडमची आपा झाले होते. मी म्हटले, "माझे आजोबा. राजुऱ्याकडून, वर्धा नदी ओलांडून आले होते." त्या आजोबांची गोष्ट पुढे येणार आहे.

एक दिवस मात्र दरवर्षी कठीण जाई. ६ डिसेंबर. १९५६ मध्ये त्या दिवशी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले आणि १९९२ मध्ये त्याच दिवशी बाबरी मशीद पाडली गेली. मी सकाळी पांढरी साडी नेसून विहारात वंदना करून शाळेत येई. शाळेत निम्मी हजेरी. बंदोबस्त असेल, काही होईल, या भीतीने आया लेकरांना पाठवत नसत. मुख्याध्यापक बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घालत, मी दोन शब्द बोले. एका वर्षी सातवीतल्या एका मुलाने विचारले, "आपा, चौक में पुलिस आपके लिए खड़ी है कि हमारे लिए?" मला उत्तर सुचले नाही. आजही सुचत नाही. पण एकाच तारखेला दोन घरांत दुःख असते, हे मी त्या शाळेत शिकले. आपल्या वस्तीत राहून ते मला कधी दिसले नसते.

संविधान दिनाला दहावीच्या वर्गात मी कलम ३० वाचून घेतले. अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा हक्क त्यात आहे. "म्हणजे ही आपली शाळा?" मुलांनी विचारले. "हो. ही शाळा कोणाच्या मेहेरबानीवर उभी नाही. घटनेवर उभी आहे. आणि त्या घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेब होते." बाबासाहेब फक्त 'जयभीमवाल्यांचे' आहेत, असेच त्या मुलांना तोवर वाटत होते. दोष त्यांचा कसा म्हणावा? आपणही त्यांना फार लांबवर जाऊ दिलेले नाही.

आता पुन्हा त्या ग्लासवाल्या मुलीकडे येते. तिचे घर चंद्रपुरात नव्हते. गडचिरोली जिल्ह्यात, आलापल्लीच्या पुढे जंगलात एका गावी होते. वडील बांबू आणि लाकडाच्या ट्रकवर ड्रायव्हर. तिकडे उर्दू हायस्कूल नाही, म्हणून ती चंद्रपूरला खालाकडे राहून शिकत होती. मराठीत ती वर्गात पहिली. दहावीच्या वर्षी, ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, तिने मराठीतून भाषण केले. विषय मी दिला होता. सावित्रीबाई आजारी पडून माहेरी नायगावला गेल्या होत्या, तेव्हा १० ऑक्टोबर १८५६ ला त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिले. आपल्यामागे फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचे त्यात लिहिलेले आहे. ती फातिमा शेख. फुले दांपत्याला घर सोडावे लागले, तेव्हा आपल्या घरी आसरा देणाऱ्या उस्मान शेख यांच्या घरची. त्या पत्राला बरोबर शंभर वर्षे झाली, त्याच ऑक्टोबर महिन्यात आपण धम्मदीक्षा घेतली. मुलीने हे सांगितले तेव्हा शाळेतल्या सगळ्या आपा ओढणीने डोळे पुसत होत्या. भाषणात तिने एकदाही 'शाला' म्हटले नाही.

मार्च २००१ मध्ये ती दहावी झाली. जूनमध्ये कळले, की वडील तिला गावी घेऊन गेले आणि आता पुढे शिकवणार नाहीत. त्याआधी दोन वर्षांपूर्वी नववीतली एक हुशार मुलगी अशीच शाळेतून गेली होती. तेव्हा मी म्हटले होते, आपण परक्या, त्यांच्या घरात कसे बोलायचे? त्या मुलीचे पुढे काय झाले ते मी विचारलेच नाही. याची बोचणी मनात होती. म्हणून या वेळी मी आणि माझे यजमान रविवारी एस. टी. ने निघालो. बल्लारपूर, गोंडपिंपरी, आष्टी, मग आलापल्ली. पुढे एका जीपमध्ये दाटीवाटीने बसून गाव गाठले.

कौलारू घर. अंगणात मोहाची टोळी वाळत घातलेली. मी बसल्या बसल्या म्हटले, "आधी पाणी द्या." मुलगीच पाणी घेऊन आली. तिने माझ्याकडे पाहिले, मी तिच्याकडे. ग्लास रिकामा करून परत दिला.

वडील वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "मॅडम, रास्ता जंगल का है. उसकी खाला भी अब बीमार है. लड़की को किसके भरोसे छोड़ूँ? और पढ़कर नौकरी कौन देगा?" यातले एकही कारण खोटे नव्हते. आपल्या माणसांनी हीच कारणे सांगून किती मुली घरी बसवल्या, ते मला ठाऊक होते. पुढे २००६ मध्ये सच्चर समितीचा अहवाल आला. सहा ते चौदा वयाची २५ टक्के मुसलमान मुले एक तर शाळेत कधी गेलीच नाहीत किंवा मधेच शाळा सोडून गेली, असे त्यात होते. तो आकडा वाचताना मला ते अंगण आठवले.

मी कायदा सांगितला नाही, भाषण केले नाही. माझ्या आईची गोष्ट सांगितली. तिने तेंदूपत्ता तोडून मला कसे शिकवले, वस्तीतले लोक काय काय बोलत, ते सांगितले. मुलीची आई दाराआड उभी राहून ऐकत होती. शेवटी तीच बाहेर आली आणि नवऱ्याला म्हणाली, "दो साल की बात है. भेज दो." तिची राहण्याची सोय आमच्या शाळेतल्या एका आपाच्या घरी झाली.

ती मुलगी बारावी झाली. त्यानंतर तिचे लग्न झाले. कलेक्टर झाली नाही, डॉक्टर झाली नाही. आलापल्लीला ती लहान मुलांची शिकवणी घेते, मराठीचीसुद्धा. तिची मुलगी आता चंद्रपूरला नर्सिंग शिकते. दर महिन्याला माझ्याकडे येते आणि आल्या आल्या स्वतः माठातले पाणी घेऊन पिते.

आता आजोबांची गोष्ट. राजुरा तालुका त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला, म्हणजे धम्मदीक्षेनंतर जेमतेम पंधरा दिवसांनी, तो मुंबई राज्यात आला. संस्थानात सरकारी भाषा उर्दू. आजोबा तिथल्या शाळेत थोडे शिकले होते एवढेच आम्हाला माहीत. म्हातारपणी ते मातीत बोटाने उजवीकडून डावीकडे काहीतरी लिहीत बसायचे. आम्ही पोरे हसायचो. १९८९ मध्ये ते गेले.

२०११ मध्ये माझ्या भावाच्या मुलाला इंजिनीअरिंगच्या प्रवेशासाठी जातवैधता प्रमाणपत्र हवे होते. ज्या घरांनी हे सोसले आहे, त्यांना जास्त सांगायला नको. १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा आणा. कुठून आणायचा? भूमिहीनाच्या घरी कागद कुठला? भावाने आजोबांची पत्र्याची पेटी उपसली. तळाशी बाबासाहेबांच्या फोटोखाली घडी घातलेला एक पिवळा कागद निघाला. सगळा उर्दूत.

मी तो शाळेत नेला. दहावीची पोरे मधल्या सुटीत डबे बाजूला ठेवून टेबलाभोवती गोळा झाली. जुने वळणदार हस्ताक्षर, त्यांनाही लागेना. एक शब्द एक लावी, दुसरा दुसरा. मग एक पोरगा ओरडला, "आपा, इस पर तो १३४५ लिखा है! ये तो शिवाजी महाराज से भी पहले का है!" सगळे हसले. मुख्याध्यापक चष्मा लावून आले. म्हणाले, हे फसली साल आहे, संस्थानात चालत असे. त्यात ५९० मिळवा. १९३५. मग त्यांनी बोट ठेवून वाचायला सुरुवात केली आणि मुले त्यांच्यामागून मोठ्याने म्हणू लागली. मदरशाचे नाव. आजोबांचे नाव. वडिलांचे नाव. जात, महार. चौथी जमात, कामयाब.

कामयाब! माझा आजोबा चौथी पास होता. आमच्या घरात हे कोणालाच माहीत नव्हते. त्याने स्वतः कधी सांगितले नाही. सांगून आम्ही वाचणार कसे होतो? त्याची सगळी विद्या आमच्यासाठी उजवीकडून डावीकडे लिहिलेली होती. पंचाहत्तर वर्षांनी ती मला वाचून दाखवली ती ट्रकवाल्यांच्या आणि पंक्चरवाल्यांच्या लेकरांनी. मी रडले. पोरे घाबरली. एकाने पळत जाऊन पाणी आणले. ते मी प्याले.

नंतर त्या कागदाचे अधिकृत भाषांतर करून घेतले, भाच्याला प्रमाणपत्र मिळाले, तो इंजिनीअर झाला. राजुरा, जिवतीकडच्या आपल्या बांधवांना मुद्दाम सांगते: घरात जुना उर्दू कागद असेल तर रद्दीत टाकू नका. जवळच्या उर्दू शाळेत घेऊन जा. मुले वाचून देतील.

आणि जाल तेव्हा ती पाणी देतील. ते घ्या. आपल्या घरी ती आली तर त्यांनाही द्या. आपण हक्काच्या पाण्यासाठी लढलेली माणसे आहोत. पेला नाकारला की समोरच्याच्या काळजात काय होते, हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. तरी मी ते विसरले होते. एका तेरा वर्षांच्या मुलीने नवा ग्लास आणून मला त्याची आठवण करून दिली.

तुम्हाला अशा नव्या ग्लासाची गरज पडू नये, म्हणून हे लिहिले. जयभीम.